पेट स्कॅनमधे जे जे पेटतं ते सगळं लिम्फोमा नसतं : एचआयव्ही असलेल्या पेशंटचा मधला स्कॅन कसा करायचा, कसा वाचायचा

भावाला एचआयव्ही, त्यात लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर निघाला. त्याच्या पेट स्कॅनच्या रिपोर्टची शेवटची ओळ मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या वाचली, डोव्हिल ५ (चमक मोजायच्या पट्टीवरचा सगळ्यात वाईट आकडा), नवीन गाठी, आजार वाढल्याची शक्यता. दोन सायकल किमो झालेली, मानेवरची लिंबाएवढी गाठ बोटाला लागत नव्हती इतकी बसलेली, वजन दीड किलो वाढलेलं, आणि कागद म्हणतोय आजार वाढला. डिचोलीला पोचेपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट नुसता वरवर बघितला, स्कॅनच्या फोटोंची सीडी मात्र नीट बघितली, आणि भावाला एकच प्रश्न विचारला, "एआरटीच्या गोळ्या रोज घेतोस ना रे?" तो खाली बघायला लागला. किमो सुरू झाल्यापासून उलट्या होत होत्या म्हणून, आणि दोन्ही औषधं एकदम उष्ण पडतात असं कोणीतरी डोक्यात घातलं म्हणून, त्याने पाच-सहा आठवडे एचआयव्हीच्या गोळ्या बंदच ठेवल्या होत्या. घरात कोणाला पत्ता नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या व्हायरसचा आकडा, लाखाच्या वर निघाला. काखेतली एक गाठ काढून बायोप्सीला पाठवली तर त्यात लिम्फोमाची एकही पेशी नाही, नुसती व्हायरसमुळे सुजलेली गाठ.

त्यानंतर ओळखीतल्या तिघाचौघांबरोबर मी अशा स्कॅनला जाऊन आले, ऑन्कोलॉजीत आणि एआरटी सेंटरवर विचारून विचारून डोकं खाल्लं, तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरला काय विचारायचं आणि त्याच्या हातात काय द्यायचं ते मला आता नीट माहीत आहे.

आधी हे समजून घ्या

पेट म्हणजे हिंदीतलं पोट नव्हे, आमच्या काकांना शेवटपर्यंत वाटत होतं की पोटाचा स्कॅन आहे. किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली साखर शिरेतून देतात, एफडीजी म्हणतात तिला, आणि जी पेशी जास्त साखर खाते ती स्कॅनमधे चमकते. लिम्फोमाच्या पेशी हावरटासारखी साखर खातात. पण टीबीची गाठ पण खाते, न्यूमोनिया खातो, किडलेल्या दाढेचं मूळ खातं, आणि एचआयव्ही चढलेला असेल तर अंगभरच्या गाठी खातात, कारण त्यात शरीराचं सैन्य लढत असतं. मशीनला चमक दिसते, चमकायचं कारण दिसत नाही.

मधला स्कॅन म्हणजे ट्रीटमेंट अर्ध्यात असताना काढलेला. हॉजकिन नावाच्या लिम्फोमात (भावाचा हाच) साधारण दोन सायकलनंतर, मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात, ज्याला सगळे डीएलबीसीएल म्हणतात, दोन ते चार सायकलनंतर. सीटीमधे गाठ आकाराने हळूहळू कमी होते, चमक मात्र औषध लागू पडलं की आधीच विझते, म्हणून पुढे काय होणार याचा अंदाज लवकर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्कॅन स्वच्छ आला तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो, एचआयव्ही असला तरीही. स्कॅन चमकला तर मात्र त्याच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, आणि एचआयव्ही असेल तर अजूनच कमी. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०१० मधे एचआयव्ही असलेल्या डीएलबीसीएलच्या ३३ पेशंटचा अभ्यास छापला, किमो किती सायकल द्यायची ते मधल्या तपासणीवरून ठरवायचं अशी पद्धत होती आणि ७९ टक्के लोकांचं तीन सायकलमधेच काम झालं, पाच वर्षांनी ८४ टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता. त्यातही मधला स्कॅन स्वच्छ आलेले बहुतेक ठीक राहिले, पण चमकलेल्यांतलेही बरेच जण ठीकच राहिले. म्हणजे स्कॅन चमकला की सगळं संपलं असं धरून घरी रडत बसू नका, आम्ही बसलो होतो.

पायरी १ : पहिला स्कॅन जपून ठेवा

मधल्या स्कॅनला एकट्याला काही अर्थ नाही, किमोच्या आधीच्या स्कॅनशेजारी ठेवला तरच तो बोलतो. पहिल्या स्कॅनमधे काखेत काहीच नव्हतं आणि दुसऱ्यात आहे, हे कळायला पहिला हातात लागतो ना. खूप घाईत किमो सुरू करावी लागली म्हणून पहिला पेट झालाच नाही असं काहींचं होतं, त्यांनी निदान जुना सीटी तरी जवळ ठेवावा.

कागदी रिपोर्ट पुरत नाही, फोटोंची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. आणि जमेल तर दोन्ही स्कॅन एकाच सेंटरवर, एकाच मशीनवर करा. कारण असं की काही डॉक्टर चमक आकड्यात मोजतात, एसयूव्ही म्हणतात त्याला, आणि डीएलबीसीएलमधे दोन सायकलनंतर सगळ्यात जास्त चमकणाऱ्या गाठीचा आकडा ६६ टक्क्यांहून जास्त उतरला तर चांगलं मानतात. एक स्कॅन गोव्यात, दुसरा मांडवी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन दुसऱ्या मशीनवर, अशी सरमिसळ केली की हा हिशोब डळमळतो. परेलच्या टाटा हॉस्पिटलला जायचंच असेल तर सुरुवातीलाच ठरवा.

पायरी २ : तारीख किमोवरून ठरवा, सुट्टीवरून नाही

आमच्याकडे चतुर्थी आली की सगळं पुढे ढकलायची सवय. इथे ते चालत नाही. किमोनंतर लगेच स्कॅन केला तर औषधाने झालेली सूजच चमकते, म्हणून किमोनंतर निदान दहा दिवस जाऊ द्यायचे आणि पुढच्या सायकलच्या जितकं जवळ जमेल तितकं जायचं. हॉजकिनला देतात त्या एबीव्हीडी किमोची सायकल २८ दिवसांची, त्यात पहिल्या आणि पंधराव्या दिवशी डोस, तर दुसऱ्या सायकलच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत स्कॅन बसतो. आर-चॉप आणि इपॉक या डीएलबीसीएलच्या किमोंची सायकल २१ दिवसांची.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन घेताय का ते बघा, पोटावर टोचतात ते, फिल्ग्रास्टिम किंवा त्याचं लांब टिकणारं पेगफिल्ग्रास्टिम. त्याने हाडांच्या आतला मगज कामाला लागतो आणि पाठीचा अख्खा कणा, कमरेची हाडं, प्लीहा सगळं एकसारखं पेटलेलं दिसतं. नवखा वाचणारा घाबरतो. इंजेक्शननंतर दोन आठवडे गेले तर उत्तम, पण इपॉकमधे ते प्रत्येक सायकलला द्यावंच लागतं त्यामुळे दोन आठवडे मिळतच नाहीत, मग निदान शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला घेतलं ते लिहून न्या. एकसारखी पसरलेली चमक इंजेक्शनची, ठिपक्या ठिपक्यांची चमक संशयाची, असा ढोबळ फरक मला सांगितला होता.

पायरी ३ : एका कागदावर सगळं लिहा, आणि एचआयव्ही लपवू नका

आमची चूक इथे झाली. स्कॅन सेंटरच्या फॉर्मवर इतर आजार या रकान्यात आम्ही 'नाही' लिहिलं. गोवा केवढा, रिसेप्शनवरची मुलगी आमच्या वाड्यापासून दोन किलोमीटरवरची निघाली, भावाने माझा हात दाबला, मी पेन तिथेच थांबवलं. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरला बिचाऱ्याला काय माहीत. त्याला दोन्ही काखा, दोन्ही जांघा नव्याने चमकताना दिसल्या, त्याने नियमाप्रमाणे ५ लिहिलं. नंतर मॅडमनी फोन करून खरी माहिती दिली तेव्हा त्याने त्याच रिपोर्टला पुरवणी जोडली, की जुन्या गाठी विझल्या आहेत आणि नवीन चमक दोन्ही बाजूंना सारखी आहे, एचआयव्हीमुळे असू शकते.

रिसेप्शनला काही सांगायची गरज नाही. बंद पाकिटात कागद घालून वर 'न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांसाठी' लिहा, किंवा ऑन्कोलॉजिस्टना रेफरल चिठ्ठीतच लिहायला सांगा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमची माहिती गुप्त ठेवणं हॉस्पिटलवर आणि तिथल्या माणसांवर बंधनकारक आहे. काही शंका असेल तर १०९७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट.

कागदावर हे हवं : लिम्फोमाचा प्रकार आणि स्टेज, कुठली किमो आणि शेवटच्या डोसची तारीख, पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनची तारीख, एआरटी कधी सुरू केली आणि कुठली, मधे बंद पडली होती का, शेवटचा व्हायरल लोड आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) तारखेसकट, टीबी कधी झाला होता का किंवा घरात कोणाला आहे का, गेल्या महिन्यात ताप, खोकला, दाढदुखी, जखम, कुठल्या हातावर लस घेतली का. लशीने त्या बाजूची काख चमकते.

एआरटी कधी सुरू केली हे का विचारतात, तर गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील तर पहिल्या काही आठवडे-महिन्यांत प्रतिकारशक्ती एकदम जागी होते आणि अंगात दडून बसलेल्या टीबीवर वगैरे तुटून पडते, त्या भांडणात गाठी सुजतात, ताप येतो, स्कॅन चमकतो. आयरिस म्हणतात त्याला. बऱ्याच जणांना एचआयव्ही आणि लिम्फोमा एकाच महिन्यात कळतो, दोन्ही औषधं मागेपुढे सुरू होतात, म्हणजे मधला स्कॅन नेमका याच काळात येतो.

पायरी ४ : स्कॅनच्या आधी व्हायरल लोड करून घ्या

ही पायरी कोणी सांगत नाही, मला विचाराल तर सगळ्यात कामाची हीच. सीडी४ वर जाऊ नका, तो किमोने तसाही पडतो, व्हायरस दबलेला असला तरी पडतो. व्हायरल लोड दबलेला असेल आणि स्कॅन चमकला तर एचआयव्हीमुळे चमकला म्हणायला फारशी जागा उरत नाही, मग लिम्फोमा किंवा इन्फेक्शन शोधायचं. लोड चढलेला असेल तर आधी गोळ्यांचं काय झालं ते बघायचं.

गोळ्या चुकत असतील तर कारण शोधा, ओरडू नका. सरकारी एआरटी सेंटरवर आता बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर असलेली एकच गोळी मिळते आणि तिचं किमोशी फार भांडण होत नाही. पण किमोच्या जळजळीला आपण मेडिकलमधून गुलाबी अँटासिड आणतो, रक्त कमी म्हणून लोहाची गोळी, हाडांसाठी कॅल्शियम, हे सगळं डोल्युटेग्राव्हिरला अंगात शिरू देत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ज्यांच्या गोळ्यांत रिटोनाव्हिर आहे त्यांनी तर किमोच्या आधीच डॉक्टरला सांगायचं, ते विनब्लास्टिन, विनक्रिस्टिन अंगात साचवतं आणि हातापायाला मुंग्या, बद्धकोष्ठ असे हाल होतात.

पायरी ५ : आदला दिवस आणि स्कॅनचा दिवस

आदल्या रात्री भात, पाव, पेज, गोड बंद. गोव्यातल्या माणसाला शीतकडीशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच, पण तळलेला बांगडा रव्याशिवाय, अंडी, पालेभाजी, सोलकढी साखर न घालता, एवढ्यावर एक रात्र निघते. कारण रक्तात साखर जास्त असली की स्कॅनची साखर पेशींना कमी पोचते. मग निदान चार ते सहा तास उपाशी, नुसतं पाणी चालतं, भरपूर प्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की भाऊ उंडे (गोल पाव) घ्यायला दारात जायचा, त्या दिवशी मी आधीच दार लावून घेतलं. चहा पण नाही, बिनसाखरेचा असला तरी दुधाचा नको. एआरटीची गोळी मात्र पाण्याबरोबर वेळेवर घ्यायची, उपास म्हणून ती चुकवू नका.

डायबिटीस असेल तर सेंटरला फोन करून आधीच विचारा. शुगर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात, आणि इंजेक्शनच्या तोंडावर इन्सुलिन घेऊन शुगर उतरवली तर सगळी साखर स्नायूंत जाते, स्कॅन वाया. मेटफॉर्मिनने आतडं चमकतं म्हणून काही डॉक्टर दोन दिवस बंद ठेवायला सांगतात, स्वतःच्या मनाने करू नका. जाता जाता, डोल्युटेग्राव्हिरबरोबर मेटफॉर्मिनचा डोस कमी ठेवावा लागतो, दोन्ही चालू असतील तर एआरटी सेंटरला माहीत आहे ना बघा.

आदल्या दिवशी अंगमेहनत नको, माडावर चढणं, शेतातलं काम, फुटबॉल, काही नाही. स्नायू चमकतात.

गरम कपडे न्या. हे ऐकून लोक हसतात, गोव्यात मे महिन्यात स्वेटर कशाला. इंजेक्शन दिल्यावर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचं असतं आणि त्या खोलीत एसी मरणाचा असतो, थंडी वाजली की मानेभोवतीची, खांद्याजवळची तपकिरी चरबी ऊब करायला लागते आणि चमकते, नेमकी जिथे लिम्फोमाच्या गाठी असतात तिथेच. त्या तासात मोबाइलवर बोलायचं नाही, च्युइंगम नाही, बोलण्याने घशातले स्नायू चमकतात. स्कॅनच्या आधी लघवीला जाऊन यायचं. वेळेवर पोचा, कारण ते औषध दर ११० मिनिटांनी अर्धं होतं, तुम्ही पत्रादेवीच्या ट्रॅफिकमधे अडकलात तरी ते थांबत नाही. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून जरा लांब.

पायरी ६ : रिपोर्टमधे काय वाचायचं

डोव्हिल हे फ्रान्समधल्या गावाचं नाव, तिथे २००९ मधे डॉक्टर जमले आणि मोजायची ही रीत ठरली. गाठीची चमक स्वतःच्याच शरीरातल्या दोन जागांशी ताडून बघतात, छातीच्या मधल्या मोठ्या रक्तवाहिनीतलं रक्त आणि लिव्हर.

१ म्हणजे चमकच नाही. २ म्हणजे आहे पण छातीतल्या रक्ताएवढी किंवा कमी. ३ म्हणजे रक्ताहून जास्त पण लिव्हरएवढी किंवा कमी. ४ लिव्हरहून थोडी जास्त. ५ लिव्हरहून खूप जास्त, किंवा नवीन जागा पेटलेल्या. एक्स नावाचा अजून एक शेरा असतो, नवीन चमक आहे पण लिम्फोमाची वाटत नाही. आमच्या रिपोर्टवर खरंतर हा एक्स यायला हवा होता.

१, २, ३ साधारण चांगले धरतात, ४ आणि ५ ला पुढे विचार. पण नुसता आकडा वाचून पान बंद करू नका, आकडा कुठल्या गाठीला दिलाय ते वाचा. पहिल्या स्कॅनमधे ज्या गाठी पेटल्या होत्या त्यांचं काय झालं हा पहिला प्रश्न. त्या विझल्या आणि भलतीकडेच नवीन पेटलं, तर लिम्फोमा सहसा असा वागत नाही, एकीकडे मरतोय आणि दुसरीकडे वाढतोय असं क्वचितच. दुसरा प्रश्न, चमक दोन्ही बाजूंना सारखी आहे का. दोन्ही काखा, दोन्ही जांघा, टॉन्सिल, प्लीहा, असं आरशासारखं असेल तर व्हायरसवर संशय घ्यायचा. तिसरा, फुप्फुसात काही आहे का. तिथे चमक असेल तर टीबी, पीसीपी नावाचा बुरशीचा न्यूमोनिया किंवा एबीव्हीडीमधलं ब्लिओमायसिन हे औषध फुप्फुसाला लागलंय का हे बघावं लागतं, आणि दम लागत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

पायरी ७ : ४ किंवा ५ आला तर

किमो बदलायच्या आधी बायोप्सी होईल का, हे विचारा. स्पष्ट विचारा. जिथे सुई पोचते त्या गाठीचा तुकडा घेऊन लिम्फोमासाठी आणि टीबीसाठी दोन्हीकडे पाठवता येतो, टीबीच्या त्या मशीनच्या टेस्टला सीबीनॅट म्हणतात. ताप, रात्री घाम, वजन उतरणं ही टीबीची लक्षणं आणि लिम्फोमाचीही तीच, त्यामुळे लक्षणांवरून ओळखायला जाऊ नका.

जोरदार किमो करून टाकूया असा आग्रह घरच्यांनी धरू नये, आमच्या मामांनी धरला होता. जर्मनीत पेटल नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१८ मधे छापला, त्यात डीएलबीसीएलसारख्या आक्रमक लिम्फोमात दोन सायकलनंतर स्कॅन चमकलेल्यांना जास्त कडक किमो देऊन बघितली, फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला. हॉजकिनची गोष्ट वेगळी, तिथे स्कॅन चमकला तर औषध बदलण्याला अर्थ आहे, पण एचआयव्ही असलेल्या शरीराला कडक किमोत इन्फेक्शनचा धोका मोठा, म्हणून आधी खात्री.

गाठ हाताला लागणारी नसेल, सुई पोचत नसेल, तर काही वेळा ठरलेली किमोच चालू ठेवून, एआरटी नीट करून, काही आठवड्यांनी परत स्कॅन करतात.

पायरी ८ : स्वच्छ आला तर

पेढे वाटा, पण किमो सोडू नका. स्कॅनला दिसायला गाठीत बऱ्याच पेशी लागतात, थोड्या उरलेल्या त्याला दिसत नाहीत. हॉजकिनमधे स्वच्छ स्कॅनचा एक मोठा फायदा आहे, पुढच्या सायकलमधून ब्लिओमायसिन काढता येतं का ते विचारा. रॅथल नावाच्या अभ्यासात, २०१६ मधे छापलेल्या, १२१४ पेशंट होते, दोन एबीव्हीडीनंतर पाचातल्या चारांहून जास्त जणांचा स्कॅन स्वच्छ आला, आणि ब्लिओमायसिन काढलेल्यांचा निकाल न काढलेल्यांच्या जवळपास तेवढाच, तीन वर्षांनी आजार न वाढलेले ८४.४ आणि ८५.७ टक्के, फुप्फुसाचा त्रास मात्र कमी. भावाचं तेच केलं, पुरवणी जोडलेला रिपोर्ट आणि बायोप्सी दोन्ही बघून, चार सायकल ब्लिओमायसिनशिवाय.

पैशाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड असेल तर ते घेऊन स्कॅनची तारीख घ्यायच्या आधी हॉस्पिटलच्या योजना काउंटरवर विचारा की हा स्कॅन त्यात बसतो का, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

शेवटचा स्कॅन किमो संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, रेडिएशन दिलं असेल तर तीन महिन्यांनी. त्याला जाताना आम्ही पाकीट घरून तयार करूनच नेलं, वर मोठ्या अक्षरात व्हायरल लोडची तारीख, आणि खाली भावाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "गोळ्या एकही दिवस चुकवलेल्या नाहीत, ताईला विचारा."